पुस्तक वाचून गाणं लिहायचंय? पहिल्यांदा भाग घेणाऱ्यांसाठी

ख्रिस्ती श्रद्धेवरचं एखादं पुस्तक ठरवायचं, सगळ्यांनी ते वाचायचं आणि ठरलेल्या तारखेपर्यंत प्रत्येकाने त्यातून सुचलेलं एक नवं गाणं आणायचं. मैत्रीच्या स्पर्धेचं स्वरूप एवढंच असतं. बक्षीस असलं तरी नावापुरतं. तरीही पहिल्यांदा नाव देताना धाकधूक होते, कारण पुस्तक डोक्यात असतं आणि कागद कोरा असतो. मी अशा काही स्पर्धांत गाणी दिली आहेत, काहींत परीक्षकांच्या शेजारी बसून ऐकलीही आहेत. नव्या माणसाचं गाणं कुठे अडतं आणि कुठे मोकळं होतं, ते इथे क्रमाने सांगते.

उदाहरणासाठी एकच पुस्तक धरते, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन, त्याचं 'कन्फेशन्स', म्हणजे कबुलीच्या स्वरातलं आत्मकथन. इसवी सन ३९७ ते ४०० च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहिलेलं, तेरा भागांचं, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत देवाला 'तू' म्हणून बोललेलं. या पुस्तकात गाण्याविषयीच इतकं आहे की गीतकाराला याहून चांगली सोबत मिळणं अवघड. तुमच्या स्पर्धेचं पुस्तक वेगळं असेल, पण वाट हीच.

आधी नियम, मग पुस्तक

नियम दोनदा वाचा. गाण्याला किती मिनिटं आहेत, शब्द आणि चाल दोन्ही स्वतःची हवीत की नुसते शब्द चालतील, दोघांनी मिळून लिहिलेलं चालतं का, ध्वनिमुद्रण कोणत्या स्वरूपात द्यायचं, एवढं वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा. 'पुस्तकावर आधारित' आणि 'पुस्तकातून प्रेरित' यांतला फरकही पाहा. पहिल्यात पुस्तकातला प्रसंग किंवा विचार ओळखू यावा लागतो. दुसऱ्यात पुस्तकाने तुमच्यात जे हलवलं ते आलं तरी पुरतं. शंका असेल तर आयोजकांना सरळ विचारा. ज्यांना ही स्पर्धा मनापासून भरवायची असते, त्यांना असे प्रश्न आवडतात.

मग पुस्तक. पहिल्या वाचनात हातात पेन घेऊ नका. गाणं शोधत वाचायला लागलं की पुस्तक नीट ऐकू येत नाही, आपण फक्त सुंदर वाक्यांची शिकार करत राहतो. एकदा सरळ वाचून काढा. दोन-तीन दिवस जाऊ द्या. मग पुस्तक न उघडता वहीत लिहा: मला काय आठवतंय? जे आपोआप आठवतं, त्यातच तुमचं गाणं असण्याची शक्यता जास्त.

सारांश नको, एक जागा हवी

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि इथेच बहुतेक नवे स्पर्धक घसरतात. माझं पहिलं गाणं अकरा कडव्यांचं होतं. त्या स्पर्धेच्या पुस्तकाचा एकही भाग सुटू नये म्हणून मी प्रत्येक भागाला एक कडवं दिलं होतं. ऐकल्यावर एका वयस्क बाईंनी मला शांतपणे विचारलं, "यातलं तुला काय लागलं गं?" मला उत्तर देता आलं नाही. त्या गाण्यात पुस्तक पूर्ण होतं आणि मी कुठेच नव्हते.

गाणं म्हणजे पुस्तकाचा गोषवारा नव्हे. ते एका वाचकाचं उत्तर असतं. पुस्तक तासन्‌तास बोललं, त्यावर तुम्ही तीन मिनिटं बोलणार. मग त्या तीन मिनिटांत तेच सांगा जे ऐकताना तुम्ही थांबलात.

'कन्फेशन्स'मध्ये अशा जागा ठायीठायी आहेत. पोरवयात ऑगस्टीन आणि त्याचे सवंगडी रात्री एका झाडाचे पेअर चोरतात. भूक नसते, फळं चवीलाही खास नसतात. बहुतेक डुकरांपुढे टाकून देतात. मग एवढ्याशा चोरीवर तो पानंच्या पानं लिहितो, कारण त्याला कळत नाही की आपल्याला नेमकं काय हवं होतं. दुसरीकडे त्याचा एक जिवलग मित्र तापाने जातो. त्या मित्राचं नावही तो देत नाही, पण आपला अर्धा जीव गेला असं म्हणतो. तिसरीकडे तरुणपणची ती प्रार्थना: मला संयम दे, पण इतक्यात नको. यांतल्या कोणत्याही एका जागेवर पूर्ण गाणं उभं राहतं.

तुम्हाला रुंद वाट मोहात पाडेल, हे आधीच सांगून ठेवते. या पुस्तकावर स्पर्धा ठेवली तर निम्मी गाणी पहिल्याच पानावरच्या त्या वाक्यावर येतील की आमचं हृदय तुझ्यात विसावेपर्यंत अस्वस्थ आहे. वाक्य थोरच आहे. पण ते स्वतःच इतकं पूर्ण आहे की त्यावर गीतकाराला करायला फारसं उरत नाही. जिथे लेखक अडखळतो किंवा स्वतःलाच प्रश्न विचारतो, तिथे गाण्याला शिरायला फट मिळते.

मी निवडलेली जागा आठव्या भागातली आहे. साल ३८६, मिलानमधली एक बाग. ऑगस्टीन अंजिराच्या झाडाखाली रडतो आहे. शेजारच्या घरातून लहान मुलाचा आवाज येतो, मुलगा की मुलगी तेही त्याला कळत नाही. ते मूल एकच गुणगुणतं आहे: घे, वाच. घे, वाच. तो आठवून पाहतो, मुलांच्या कुठल्या खेळात असं काही म्हणतात का? त्याला आठवत नाही. तो उठतो, बायबलमधल्या पौलाच्या पत्रांचं पुस्तक उघडतो आणि रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातल्या ओळींवर त्याची नजर पडते, आणि तिथेच तो ख्रिस्ताकडे वळतो.

मला यातलं परिवर्तन जितकं लागलं, त्याहून जास्त ते मूल लागलं. भिंतीपलीकडे खेळणाऱ्या त्या पोराला कधीच कळलं नाही की आपल्या गुणगुणण्याने काय झालं. ही माझी जागा.

कोण कोणाशी बोलतंय

जागा ठरली की एक ओळ लिहून घ्या: या गाण्यात कोण बोलतंय आणि कोणाशी? ऑगस्टीन देवाशी? मी ऑगस्टीनशी? आई मोनिका मुलाशी? की ते मूल स्वतःशीच? हे ठरलं नाही की पहिल्या कडव्यात 'तू' म्हणजे देव असतो, दुसऱ्यात 'तू' म्हणजे श्रोता होतो, आणि ऐकणारा हरवतो.

मराठीत लिहिणाऱ्याला इथे आणखी एक निर्णय घ्यावा लागतो. आपल्या क्रियापदातून लिंग कळतं. 'मी थकलो' म्हटलं की गाणारा पुरुष झाला, 'मी थकले' म्हटलं की बाई. एका पात्राचं गाणं असेल तर काही अडत नाही. ऑगस्टीनच बोलत असेल तर 'थकलो' हवंच. पण सगळ्यांनी मिळून उपासनेत म्हणायचं गाणं असेल तर अर्ध्या गळ्यांना ते क्रियापद परकं वाटतं. त्यावर जुना आणि चांगला उपाय म्हणजे कर्ता बदलणं: 'मन थकले', 'डोळे भरले', 'पाऊल अडले'. याने ओळ मोकळीही होते आणि चित्रही दिसू लागतं.

श्रद्धेच्या बाबतीत खोटं बोलू नका, हेही इथेच सांगते. ज्यांचा विश्वास डळमळीत आहे, जे ख्रिस्ती नाहीत पण पुस्तक मनापासून वाचलं आहे, तेही अशा स्पर्धांत येतात आणि यावेत. आपल्याला जिथे उभं आहोत तिथून लिहिता येतं. बायबलच्या स्तोत्रसंहितेत १३ वं स्तोत्र अवघ्या सहा ओव्यांचं आहे. त्याच्या सुरुवातीला 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो आणि तरीही शेवटी गाणं सुचतं. ८८ वं स्तोत्र तर अंधाराच्या शब्दावरच संपतं. आनंदाचं शेवटचं कडवं जोडायलाच हवं असा नियम त्या संग्रहात नाही, मग तुमच्यावर कशाला?

साचा: अक्षरं मोजा

मुक्त लिहावं की बांधून लिहावं? पहिल्यांदा लिहिणाऱ्याने बांधून लिहावं असं माझं स्पष्ट मत आहे. साचा असला की कोणता शब्द जास्तीचा आहे हे लगेच दिसतं.

मराठीला यात कमतरता नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्ताची कथा मराठीत आणली ती ओवीत, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजनांसाठी अभंग जवळ केला. टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका सहप्रवाशाने बायबलचा नवा करार दिला. तो वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोचले आणि तिथून त्यांना पुस्तक खाली ठेवता येईना. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. एका पुस्तकातून किती गाणी निघू शकतात, याचं याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही.

मोठा अभंग सोपा आहे. चार चरण: सहा, सहा, सहा, चार अक्षरं. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक. जोडाक्षर एकच धरायचं. ऱ्हस्व-दीर्घ मोजायचं नाही. माझं ध्रुपद असं झालं:

भिंतीपलीकडे । कुणी मूल गाते ।
दार उघडते । माझ्या आत ॥

बोटांवर मोजून पाहा. भिं-ती-प-ली-क-डे, सहा. कु-णी-मू-ल-गा-ते, सहा. दा-र-उ-घ-ड-ते, सहा. मा-झ्या-आ-त, चार. 'गाते' आणि 'उघडते' यांचं यमक.

आता यातलं एक बारकं बघा. 'गाते' ओढता येतं, कारण शेवटी 'ए' आहे. गळा उघडा राहतो. 'आत' मात्र त-वर बंद होतं. ओढायला गेलात तर 'आतऽऽ' असं बेढब होतं. म्हणून चाल लावताना मी 'आत' आखूड ठेवलं आणि पुढे एक क्षण शांतता सोडली. दार उघडल्यावर तसंही कोणी लगेच बोलत नाही. शब्दाचं शेवटचं अक्षर कसं आहे त्यावर सूर ओढायचा की तोडायचा, हे ठरवत चला. लांब सूर हवा असेल तिथे आ, ई, ए, ओ ने संपणारे शब्द ठेवा.

मिलानमध्ये ऑगस्टीनने जी गाणी ऐकली तीही मोजूनच रचलेली होती. तिथला बिशप अँब्रोज चार ओळींचं कडवं करी, प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, आणि अशी आठ कडवी. त्याचं संध्याकाळचं एक गीत ऑगस्टीनच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की पुस्तकाच्या अकराव्या भागात काळ म्हणजे काय हे समजावताना तो त्याच गीताची पहिली ओळ घेतो आणि तिची ऱ्हस्व-दीर्घ अक्षरं मोजून दाखवतो. त्याआधी नवव्या भागात, आईला पुरून आल्यावर त्याला रडूही येत नसतं. झोपून उठतो, अंथरुणात एकटाच असतो, तेव्हा हेच गीत त्याला आठवतं आणि मग अश्रू येतात. गाणं लिहिताना मी ही दोन्ही पानं उघडी ठेवते.

कडवी: प्रत्येकाने काहीतरी हलवावं

ध्रुपद फिरून फिरून येतं, त्यामुळे त्यात गोष्ट पुढे जात नाही. गोष्ट कडव्यांनी पुढे न्यायची असते. १३६ व्या स्तोत्रात सव्वीस ओव्या आहेत आणि प्रत्येकीचा उत्तरार्ध तोच: त्याची दया सनातन आहे. पण पूर्वार्ध दर वेळी पुढे सरकतो, सृष्टीपासून सुटकेपर्यंत. म्हणून सव्वीस वेळा ऐकूनही ते ध्रुपद जुनं होत नाही.

तीन कडव्यांपलीकडे जाऊ नका. माझी दोन अशी:

नव्हते ते मज । काही सांगणार ।
त्याचा खेळ फार । साधा होता ॥

अंजिराखाली मी । रडून थकलो ।
तुला सापडलो । त्याच क्षणी ॥

दुसऱ्या कडव्यात आधी 'तुजपाशी आलो' असं होतं. अक्षरं सहाच, यमकही जमत होतं. एका मैत्रिणीला म्हणून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "पण तो गेला कुठे? तो तर झाडाखालीच बसला होता." तिचं बरोबर होतं. त्या बागेत चालत आलेलं कोणी असेल तर तो देव. 'आलो'च्या जागी 'सापडलो' आलं आणि पूर्ण गाण्याचा कर्ताच बदलला. ज्याला आपण शोधत होतो त्यालाच आपण सापडलो, हे ऑगस्टीनचं म्हणणं एका क्रियापदात बसलं. श्रद्धेच्या गाण्यात क्रियापदं अशी एकेक तपासा. कोण करतंय आणि कोणाला केलं जातंय, यात अख्खा विश्वास असतो.

'कृपा', 'तारण', 'महिमा', 'प्रकाश' हे शब्द मोठे आहेत आणि आपल्या जिभेवर तयार असतात. ते वापरू नयेत असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक मोठ्या शब्दासाठी पुस्तकातली एक दिसणारी वस्तू गाण्यात आणा. अंजीर, भिंत, उघडं पान, डुकरांपुढची फळं. एखाद्या वेळी तर वस्तू आल्यावर मोठा शब्द आपोआप गळून पडतो आणि त्याची उणीव भासत नाही.

चाल

चाल आधी की शब्द आधी, हा प्रश्न नवे लोक हमखास विचारतात. दोन्ही चालतं. मला ध्रुपद आणि त्याची चाल एकत्र सुचली तर पुढचं सोपं जातं. वाद्य येत नसेल तर टाळीवर म्हणून पाहा. आठ मात्रांचा केरवा किंवा सहा मात्रांचा दादरा पुरेसा आहे. म्हणताना ज्या शब्दावर जीभ अडते तो शब्द बदला, चाल बदलू नका. निदान पहिल्या प्रयत्नात तरी.

इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवण्याची सवय अनेकांना असते, आणि तिथे एक खरी अडचण आहे. इंग्रजीत शब्दातल्या एका ठरावीक अवयवावर आघात येतो. मराठीत तसा आघात नाही, पण ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ पालटतो. लांब सुरावर ऱ्हस्व अक्षर पडलं की 'पिता'चं 'पीता' होतं, 'दिन'चं 'दीन' होतं आणि प्रभूचा 'सुत' ओढला की 'सूत' ऐकू येतं. कागदावर हे दिसत नाही. म्हणून शब्द वाचून न दाखवता गाऊन दाखवा, आणि ऐकणाऱ्याला म्हणा, ऐकू आलं ते लिही. त्याने लिहिलेलं आणि तुमचं यांत जिथे फरक, तिथे काम बाकी आहे.

चाल जमत नसेल तर हातपाय गाळू नका. 'अमेझिंग ग्रेस' या प्रसिद्ध इंग्रजी भक्तिगीताचे शब्द जॉन न्यूटनने १७७३ च्या नववर्षदिनाच्या प्रवचनासाठी लिहिले, छापले गेले १७७९ मध्ये, आणि आज जगभर ज्या चालीवर ते म्हणतात ती चाल त्यांना १८३५ मध्ये मिळाली. हे जमलं कारण शब्द मापात होते: आठ, सहा, आठ, सहा. मापात लिहिलेल्या शब्दांना उद्या दुसरं कोणी चाल देऊ शकतं. मैत्रीच्या स्पर्धेत तर हे हक्काने मागता येतं. नियमांत बसत असेल तर चाल बांधणारा जोडीदार शोधा. ते शब्द ज्यात छापले गेले ते न्यूटनचं पुस्तकही एकट्याचं नव्हतं, त्यात त्याचा मित्र विल्यम कूपर याची गाणी होती.

ऑगस्टीनला मात्र सुराची भीतीही वाटायची. दहाव्या भागात तो कबूल करतो की कधी कधी गायलेल्या शब्दांपेक्षा गाण्यानेच मी जास्त हलतो, आणि तेव्हा माझं चुकतं. लगेच पुढे मिलानमधल्या गाण्यांनी आपल्याला किती रडवलं होतं हेही त्याला आठवतं, आणि तो गाण्याच्या बाजूनेच झुकतो. तुमची चाल तयार झाली की ही कसोटी लावा. चाल अर्थाला हात देते आहे, की अर्थावर पांघरूण घालते आहे?

उसनं काय घेता येतं

विचार कोणाच्या मालकीचा नसतो, शब्दरचना असते. पुस्तकाचा लेखक हयात असेल किंवा नुकता वारला असेल तर त्याची वाक्यं जशीच्या तशी गाण्यात घेऊ नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, बऱ्याच देशांत सत्तर. ऑगस्टीनच्या लॅटिनवर कोणाचा हक्क नाही, पण त्याच्या अलीकडच्या भाषांतरावर भाषांतरकाराचा असतो, आणि बायबलच्या नव्या भाषांतरांचंही तसंच. साधा मार्ग म्हणजे पुस्तक मिटून आपल्या शब्दांत लिहिणं. चाल दुसऱ्याची घेऊन 'थोडी बदलली' हे कारण देऊ नका. ऐकणाऱ्यांना ते पहिल्या दोन ओळींत कळतं.

पुस्तकातला तपशील एकदा पडताळून पाहा. बागेत आवाज मुलाचा होता, देवदूताचा नव्हता. पुस्तक पौलाच्या पत्रांचं होतं. कल्पनेने भर घालायला हरकत नाही, पण आहे ते उलटं करू नका.

ध्वनिमुद्रण आणि पाठवणं

फोन पुरतो. पंखा बंद, खिडकी बंद, पडदे-गाद्या असलेली खोली. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ' चे फुत्कार येत नाहीत. सुरुवातीला दोन सेकंद शांतता ठेवा. एक ओळ चुकली तर पूर्ण गाणं पुन्हा म्हणा. तुकडे जोडत बसलात तर श्वास तुटलेला ऐकू येतो. मैत्रीच्या स्पर्धेत कोणी गायकी तपासत नाही, शब्द कळले पाहिजेत.

सोबत शब्दांचा कागद द्या, आणि चार-पाच ओळींची टीप: पुस्तकातली कोणती जागा, ती का निवडली. टीपेत गाण्याचा अर्थ समजावू नका. अर्थ टीपेतच कळत असेल तर तो अजून गाण्यात उतरलेला नाही.

जर्मन संगीतकार बाख आपल्या कित्येक हस्तलिखितांच्या सुरुवातीला 'येशू, साहाय्य कर' या अर्थाची दोन अक्षरं लिहायचा आणि शेवटी 'केवळ देवाच्या गौरवासाठी' या अर्थाची तीन. मी माझ्या वहीत मराठीत दोन्ही लिहिते. पाठवण्याच्या आदल्या रात्री हात थरथरतो तेव्हा त्याचा मला उपयोग होतो.

दुसऱ्यांची गाणी

तुमचं गाणं गेलं की काम संपलं असं समजू नका. बाकीच्यांची गाणी प्रत्येकी दोनदा ऐका. पहिल्यांदा कागद न पाहता. मग जी ओळ कानात राहिली ती त्या गीतकाराला कळवा, नेमकी ओळ: "तुमच्या दुसऱ्या कडव्यातलं 'इतक्यात नको' मला दिवसभर सोडत नव्हतं." 'छान झालंय' याने कोणाला काही मिळत नाही. कुठे शब्द कळला नाही तेही सांगा, पण त्यांनी विचारल्यावर. आणि कोणाच्या विश्वासाला गुण देऊ नका. गुण द्यायचे ते ओळीला.

बागेतल्या त्या प्रसंगात आणखी एक जण होता, ज्याला गाण्यांमध्ये फारसं कोणी आणत नाही. ऑगस्टीनचा मित्र अलिपियस. तो सगळा वेळ तिथेच जवळ बसून होता, काही न बोलता. ऑगस्टीनने वाचलेली जागा त्याने मागून घेतली आणि तो पुढची ओळ वाचू लागला: जो विश्वासाने दुबळा आहे त्याला जवळ करा. ती ओळ त्याने स्वतःची मानली. पान एकच होतं, ओळी दोन.

माझ्या गाण्याला त्या वर्षी कोणताच क्रमांक मिळाला नाही. पण निकालानंतर एका स्पर्धकाने माझा अभंग माझ्यापेक्षा बऱ्याच संथ चालीत म्हणून पाठवला. 'आत' नंतरची शांतता त्याने माझ्याहून लांब ठेवली होती, आणि त्या शांततेत त्याच्या घरातलं एक लहान मूल काहीतरी पुटपुटताना ऐकू येत होतं. त्याने ते कापलं नव्हतं. आता मीही ते गाणं त्याच्याच चालीत म्हणते.